जुना पीसी चालू होतो, पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही. काय काय बघू?

जुळारी
मंडळी, मदत हवी आहे. मामांची मिरजेला छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल असली कामं. तिथला डीटीपीचा (छपाईची पानं जुळवायचा) पीसी आठवडाभर रुसून बसलाय. बटण दाबलं की कॅबिनेटचा दिवा लागतो, सीपीयूचा पंखा फिरतो, एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) पण फिरतो आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'ची पाटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत बसते. बीप वगैरे काही नाही. कोअर टू ड्युओ, जी३१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर२ रॅमच्या एक-एक जीबीच्या दोन स्टिक, १६० जीबीची साटा हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी. हो, एक्सपीच. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या म्हणजे पुढे कामाचं बोलता येईल.

गावातला रिपेअरवाला पोरगा आला, बटण दाबून बघितलं आणि म्हणाला बोर्ड गेला, नवीन घ्या. मामांचं म्हणणं, अरे झाकण न उघडता तुला बोर्ड गेलेला दिसला कसा? मला पण तेच वाटतंय. लग्नसराई तोंडावर आहे. कुठून सुरुवात करू?

आळशी बोका
रॅम काढ, खोडरबराने सोनेरी पट्टी घास, परत खटकन बसव. पुढचा रुग्ण पाठवा.

पेठी काका
रॅमला हात घालण्याआधी मॉनिटरची वायर बघावी ही साधी रीत आहे. व्हीजीएच्या पिनमध्ये एखादी वाकलेली असते, वायर मागून अर्धी निघालेली असते, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर बोर्डाच्या पोर्टला लावून लोक तासन् तास डोकं धरून बसतात. कार्ड असलं की त्या काळातले बरेचसे बोर्ड स्वतःचा व्हीजीए पोर्ट बंद करून टाकतात. आणि मॉनिटर दुसऱ्या कुठल्याही लॅपटॉपला जोडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आळशी बोका
काका, 'नो सिग्नल' लिहून येतंय म्हणजे मॉनिटर जिवंत आहे की.

पेठी काका
मॉनिटर जिवंत आहे, वायर जिवंत आहे असं कुठे लिहून आलंय?

वास्तववादी
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. या मशीनवर जेवढा वेळ घालवाल तेवढ्यात चार पत्रिका छापून होतील. ऑफिसातून निघालेले आय५ चे रिफर्बिश्ड डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, एसएसडीसकट. म्हातारं माणूस आणि म्हातारा पीसी यात फरक करायला शिका.

जुळारी
@बोका रॅम घासून झाली, एकेक स्टिक वेगवेगळ्या स्लॉटमध्ये टाकून पण बघितली. फरक नाही.
@काका मॉनिटर वायरसकट माझ्या लॅपटॉपला लावला, झकास चालतो. वेगळं कार्ड नाहीये, बोर्डावरचाच व्हीजीए.
@वास्तववादी राग नाही. पण अडचण अशी की तिथे पानं जुळवायचं पेजमेकर ७ आहे, मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर आहे आणि त्याचा डोंगल (सॉफ्टवेअर उघडायची किल्लीच म्हणा) मागे प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागतो. डोंगल नाही तर फॉन्टचा कीबोर्ड चालत नाही. नव्या मशीनला तो पोर्टच नाही. आणि वर्षानुवर्षांच्या फायली. गावातली निम्मी घरं येऊन म्हणतात 'थोरलीच्या लग्नाची होती तश्शीच पत्रिका करा, फक्त नावं आणि मुहूर्त बदला'.

अक्षरओळ
अगदी अगदी! मी वीसेक वर्षं डीटीपी करतेय, या दुखण्याला फक्त आमचीच जमात समजू शकते. बाहेरच्यांसाठी सांगते, तो मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारा, नसतो. आतमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट लावला की मराठी दिसतं. फॉन्ट काढला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी कंस, टक्के आणि डॉलर. कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरं आणि रफार यात हमखास गोंधळ घालतात, मग पूर्ण मजकूर परत वाचावा लागतो. अहवालाचं ठीक आहे, पण पत्रिकेत व्याह्यांचं आडनाव चुकलं तर प्रेसवाल्याची धडगत नाही.

आणि कुणी यूएसबी टू पॅरलल वायर घ्या सांगेल तर घेऊ नका. ती प्रिंटरपुरती असते, डोंगलला ओळखत नाही. आमचे पैसे पाण्यात गेलेत.

वास्तववादी
पीसीआय स्लॉटवाला डेस्कटॉप बघून त्यात पॅरलल पोर्टचं कार्ड टाकता येतं. मार्ग असतात हो, शोधायचे असतात.

अक्षरओळ
ते कार्ड चालू शकतं, मान्य. पण लग्नसराईच्या तोंडावर प्रयोग कोण करणार? आधी आहे तो उठवू.

रत्नांग्रीचो बाबू
एसएमपीएस उघडून बघ, पाल मेलेली असेल. आमच्याकडे पावसाळ्यात हमखास. उबेला येऊन बसते आणि मग ती पण जाते नि एसएमपीएस पण.

ओहम शांती
@बाबू एसएमपीएस उघडायला सांगू नका कुणाला. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. पाल मेली ती मेली, माणूस वाचूदे.

@जुळारी पार्ट बदलत बसण्याआधी मशीन नेमकं कुठं अडतंय ते काढू. दोन गोष्टी करा. एक, चालू केल्यावर अर्ध्या मिनिटाने कीबोर्डचं नम लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर बोर्ड आतून चालू झालाय आणि घोडं फक्त डिस्प्लेपाशी पेंड खातंय. दिवा हलत नसेल तर तो बूटच होत नाहीये.

दोन, कॅबिनेटमध्ये बझर आहे का बघा. बऱ्याच स्वस्त कॅबिनेटमध्ये नसतोच आणि लोक म्हणतात बीप येत नाही! नसेल तर कुठल्याही दुकानात वीस-तीस रुपयाला छोटा मिळतो, चार पिनच्या जागेत लागतो. तो लावून दोन्ही रॅम काढून पीसी चालू करा. रॅम नसताना बोर्डाने बोंब मारायलाच पाहिजे, लांब लांब बीप. मारली तर सीपीयू, बायोस (बोर्डाला सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) आणि बोर्डाचा बराचसा भाग ठणठणीत आहे, मग बोक्याच्या खोडरबराला मान. रॅम काढूनही गप्प राहिला तर रॅम सोडा, पॉवर, बोर्ड किंवा सीपीयू यापैकी कुणीतरी आहे.

आणि सीपीयूजवळचा चार पिनचा चौकोनी १२ व्होल्टचा कनेक्टर घट्ट आहे ना बघा. तो नसला तरी पंखे झकास फिरतात, डिस्प्ले मात्र येत नाही.

आळशी बोका
खोडरबराला मान दिल्याबद्दल आभारी आहे.

नवखा_पाहुणा
माझाही सेम प्रॉब्लेम आहे!! कंपनीचा लोगो येतो, मग विंडोजचं चक्र फिरतं आणि स्क्रीन काळी. विंडोज ७. रॅम घासू का?

पेठी काका
सेम कुठे आहे? तुमचा लोगो येतोय, त्यांना लोगोचं दर्शन दुर्लभ झालंय. तुमचं हार्डवेअर बरंचसं ठीक आहे. चालू होताना एफ८ दाबत राहा, कमी रिझोल्यूशनचा पर्याय येईल तो घ्या. कुणीतरी रिझोल्यूशन मॉनिटरच्या झेपण्यापलीकडे नेलं असेल किंवा ड्रायव्हर गंडला असेल. सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर काढून टाका.

चिपळूणची लाट
२०२१ च्या जुलैतल्या पुरात आमच्या दुकानातले पीसी पाण्याखाली गेले होते. चिखल स्वच्छ पाण्याने धुतला आणि चांगले कडक वाळेपर्यंत कशालाही वीज लावली नाही, त्यातला एक बोर्ड नंतर चालू झाला. शेजाऱ्यांनी घाईघाईत ओली हार्ड डिस्क लावून बघितली, ती कायमची गेली. मुद्दा एवढाच की डिस्क आधी बाहेर काढा हो, बाकी सगळं बाजारात मिळतं.

जुळारी
अपडेट. नम लॉक लागत नाही. प्रेसच्या माळ्यावर एक भंगार कॅबिनेट होतं त्यातला बझर काढून लावला. रॅम काढून चालू केला, तरी चकार शब्द नाही. चार पिनचा कनेक्टर घट्ट आहे. बायोसचा सेल, तो सीआर२०३२, बदलून टाकला, जंपरने क्लिअर सीमॉस पण केलं (बायोसच्या सेटिंग्ज पुसल्या), काही नाही. चुलतभावाच्या चालू पीसीचा एसएमपीएस लावून बघायचं म्हणतोय पण तो द्यायला तयार नाही, म्हणतो तुझं भूत माझ्याकडे येईल.

एक गोष्ट मामा सहज बोलता बोलता म्हणाले. दिवाळीपासून म्हणे सकाळी पहिल्यांदा लावला की डिस्प्ले येत नव्हता. ते पंखे फिरत ठेवून द्यायचे, देवपूजा, चहा उरकून यायचे आणि रीसेटचं बटण दाबलं की गडी सुरू. एकदा सुरू झाला की दिवसभर बघायला नको. पुढे पुढे चहाने भागेना, नाश्ता पण व्हायला लागला, आणि आता जेवण झालं तरी येत नाही. दुपारच्या उन्हात एकदोनदा लवकर आला होता असंही म्हणाले. याचा काही संबंध असेल का?

ओहम शांती
अहो संबंध काय, रोगाचं नाव सांगितलंत तुम्ही! हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. मामांना नमस्कार सांगा.

थंड असताना हटून बसणारा आणि तापल्यावर चालणारा बोर्ड म्हणजे कपॅसिटर. सीपीयूच्या सॉकेटशेजारी उभे छोटे डबे दिसतील, ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आत पातळ द्रव असतो. सीपीयूशेजारच्या उष्णतेत वर्षानुवर्षं बसून तो सुकत जातो, मग कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. सीपीयूला लागणारा एक-सव्वा व्होल्ट तलम पाहिजे, तो खडबडीत व्हायला लागतो आणि सीपीयू उठतच नाही. गरम झाला की उरलासुरला द्रव थोडा बरा वागतो, रोध उतरतो, म्हणून चहानंतर चालायचा. जसजसा द्रव संपत गेला तसतसा चहाचा नाश्ता झाला. ठोकताळा असा आहे की १० अंश तापमान वाढलं की यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि तुमच्या प्रेसमध्ये एसी नसणार.

टॉर्च घेऊन डब्यांची टोपणं बघा. सपाट पाहिजेत. फुगलेलं असेल, मधल्या चिरेतून तपकिरी काही बाहेर येऊन वाळलं असेल तर तोच. मात्र टोपण सपाट असूनही आतून गेलेला असू शकतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यावर जाऊ नका.

पेठी काका
हाच रोग एसएमपीएसच्या कपॅसिटरला पण होतो, तेव्हा बोर्डावर आळ घेण्याआधी तो तपासा. हिरवी वायर काळीला जोडली की एसएमपीएस बोर्डाशिवाय चालू होतो.

ओहम शांती
काका, तपासा हे बरोबर, पण त्या हिरव्या-काळ्या वायरने फक्त तो सुरू होतो एवढंच कळतं. लोड घेतल्यावर काय करतो ते नाही. त्यापेक्षा बोर्डाला जोडलेला असतानाच मल्टिमीटर लावा. पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५. करडी वायर म्हणजे पॉवर गुड, ती पाचच्या आसपास पाहिजे. ती आली नाही तर बोर्ड सीपीयूला रीसेटमध्येच धरून ठेवतो, पंखे मात्र फिरत राहतात.

आणि जुळारी, घरात हेअर ड्रायर आहे का? पीसी बंद, प्लग काढलेला. सॉकेटशेजारच्या त्या डब्यांवर वीतभर अंतरावरून मध्यम गरम हवा पाचेक मिनिटं सोडा. बोर्ड हाताला सोसवेल इतकाच गरम करायचा, भाजायचा नाही. मग ड्रायर बाजूला ठेवून लगेच चालू करा. आला तर निदान पक्कं. आणि आला तर बंद करू नका!! आधी सगळ्या फायली बाहेर काढा.

आळशी बोका
खोडरबरानंतर हेअर ड्रायर. पुढची पायरी फेशियल का?

वास्तववादी
मी अजूनही म्हणतो रिफर्बिश्ड घ्या. पण हे ड्रायर प्रकरण बघायला थांबतो.

जुळारी
आला!!!

मीटर इलेक्ट्रिशियनकडून आणला. पिवळी १२.१, लाल ५.०४, करडी ४.९. म्हणजे एसएमपीएस शुद्ध. मग टॉर्च लावून बघितलं. सॉकेट आणि मागच्या पोर्टांच्या मध्ये सहा डबे एका ओळीत आहेत, त्यातल्या तिघांची टोपणं वर आलीत आणि एकाच्या चिरेवर गंजासारखी तपकिरी खपली. सगळ्यांवर ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरड छापलंय. मामींचा ड्रायर आणला, मामी बाजूला उभ्या, 'माझा ड्रायर बिघडला तर बघ'. हवा दिली, बटण दाबलं, एक छोटी बीप आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. मामा एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारचा झेरॉक्सवाला पळत आला. सीमॉस क्लिअर केलं होतं म्हणून एफ१ मागत होता आणि तारीख मागच्या जन्मातली दाखवत होता, तारीख नीट करून एक्सपीत आलो. आता बंद करायची हिंमत नाही, पेन ड्राइव्हवर फायली ओततोय. यूएसबी जुना आहे, मुंगीच्या पावलाने चाललंय.

अक्षरओळ
फायलींबरोबर फॉन्ट फोल्डर पण घ्या, सॉफ्टवेअरची इन्स्टॉल सीडी शोधा आणि डोंगलचा ड्रायव्हर कुठला आहे ते लिहून ठेवा. फायली आहेत आणि फॉन्ट नाही हा प्रकार मी लोकांकडे फार बघितलाय. जमलं तर नेहमीच्या पत्रिकांच्या पीडीएफ पण करून ठेवा. मजकूर बदलता येणार नाही, पण नमुना तरी दाखवता येईल.

चिपळूणची लाट
आणि ती डिस्क तशीच उचलून नव्या पीसीला लावून एक्सपी चालेल असं समजू नका. एररची निळी स्क्रीन येते, कोडच्या शेवटी ७बी. बायोसमध्ये साटा मोड आयडीई केला तर काही बोर्डांवर निभतं, नव्या बोर्डांवर तो पर्यायच नसतो. फायली वाचायला मात्र यूएसबी टू साटा ॲडॉप्टरने कुठल्याही मशीनवर लागते.

रत्नांग्रीचो बाबू
पाल नव्हती म्हणजे.

वास्तववादी
बरं, निदान भारी झालं, कबूल. पण आता हे कपॅसिटर बदलणार कोण? कॉम्प्युटरवाली पोरं आजकाल पार्ट बदलतात, सोल्डरिंग कुणी करत नाही.

ओहम शांती
कॉम्प्युटरवाल्याकडे जाऊच नका. जुना टीव्ही-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा शोधा, त्याचा हात या कामात बसलेला असतो. फक्त एवढं सांगा की बोर्ड अनेक थरांचा आहे, आतले तांब्याचे थर उष्णता ओढून घेतात, त्यामुळे २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरत नाही. कथिल नीट वितळल्याशिवाय ओढलं तर भोकातला तांब्याचा अस्तर निघून येतो आणि मग बोर्ड खरंच जातो. सहाच्या सहा बदला, फुगलेले तिघेच नको, सगळे एका वयाचे आहेत. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ अंशाचे आणि लो ईएसआर (अंतर्गत रोध कमी) लिहिलेले. साधे घातले तर थोड्या महिन्यांत परत इथेच याल. जास्त व्होल्टचा डबा जाडीला मोठा असतो, जागा बघून घ्या. आणि काढायच्या आधी फोटो काढून ठेवा. बोर्डावर पांढरी रंगवलेली बाजू सहसा निगेटिव्ह असते पण काही बोर्डांवर उलटं छापलेलं असतं. उलटा लागला तर फटाका.

आळशी बोका
मिरजेत सतारी नि तंबोरे दुरुस्त करणारे हवे तेवढे, कपॅसिटरवाला मिळतो का बघा.

जुळारी
मिळाला की! स्टेशनच्या बाजूला एक वयस्कर रेडिओवाले आहेत, भजनी मंडळांचे ॲम्प्लिफायर करतात. बोर्ड हातात घेतला, टोपणांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले 'हे होय, ठेवून जावा'. लो ईएसआर मात्र त्यांच्याकडे नव्हते, साधे होते. ते नको म्हटल्यावर जरा फुरंगटले. मग पुण्याला राहणाऱ्या मित्राला तपकीर गल्लीत पाठवून मागवले.

नवखा_पाहुणा
काका, एफ८ ने आलं. रिझोल्यूशनच होतं, पोराने गेमसाठी वाढवलं होतं. धन्यवाद. आता आवाज येत नाहीये.

पेठी काका
त्यासाठी वेगळा धागा काढा. पोराला पण घेऊन या.

जुळारी
काल बोर्ड परत आला. सहाही बदलले, टाके बघण्यासारखे आहेत. सकाळी गार मशीन, पहिल्या दाबाला बीप आणि डिस्प्ले. आज सकाळी पण. मामांचा देवपूजेनंतर रीसेट दाबायला हात जातोच म्हणे. मजुरी त्यांनी सांगितली त्यापेक्षा मामांनी जास्त दिली, वर त्यांच्या नातीच्या मुंजीची पत्रिका फुकट कबूल केली.

@वास्तववादी तुमचं पण ऐकतोय. लग्नसराई झाली की पीसीआय स्लॉटवाला रिफर्बिश्ड बघणार, पॅरलल कार्ड टाकून डोंगल चालतो का ते निवांत बघू. तोपर्यंत याच्यावर इंटरनेट लावायचं नाही असं ठरवलंय.

वास्तववादी
एवढंच म्हणत होतो मी. कार्ड घेताना डोंगल बरोबर घेऊन जा, दुकानातच लावून बघा. आणि ती १६० जीबीची डिस्कही कपॅसिटरच्याच वयाची आहे, तिची इमेज (जशीच्या तशी पूर्ण नक्कल) दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.

ओहम शांती
+१. इमेज काढायला एक्सपीतून जाऊ नका, लिनक्सची बूट होणारी सीडी लावून काढा. डिस्क डळमळायला लागली असेल तर वाचताना कुठे अडते तेही दिसेल.

जुळारी
सीडी ड्राइव्ह चालतोय का ते बघून सांगतो. ट्रे उघडत नाहीये.

आळशी बोका
कागदाची पिन सरळ कर, पुढच्या बारीक भोकात घाल.